आपल्या माणसाचं व्यंगचित्र

सप्टेंबर २०२० मध्ये कांदिवलीत नौदलातून निवृत्त झालेल्या एका वयस्क अधिकाऱ्याला शिवसैनिकांनी मारहाण केली. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्यावरचं एक व्यंगचित्र त्यांनी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलं, एवढंच निमित्त. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर हा विषय मधूनमधून उकरला जातो. २०२५ च्या फेब्रुवारीत मोदी आणि ट्रम्प यांच्यावरच्या एका चित्रामुळे तमिळ नियतकालिक ‘विकटन’चं संकेतस्थळ बंद केलं गेलं, तेव्हाही निघाला. पुण्याचे मामा मला उद्देशून लिहितात, ‘बघ, तुमच्याकडे इंग्लंडात पंतप्रधानालाही सोडत नाहीत, आणि आमच्याकडे बघ.’ आत्येभावाचं उत्तर ठरलेलं: ‘साहेबाचं कौतुक पुरे, त्यांची थट्टा त्यांना लखलाभ.’ मी इंग्लंडात राहतो, म्हणून पंच मी.

मामांचं म्हणणं निम्मं खरं आहे. ‘गार्डियन’चा व्यंगचित्रकार स्टीव्ह बेल याने पंतप्रधान जॉन मेजर यांना वर्षानुवर्षं पँटवरून चड्डी घातलेलं दाखवलं. डेव्हिड कॅमेरून पंतप्रधान असताना त्यांच्या डोक्यावर निरोध चढवला, आणि ते पद सोडेपर्यंत तो उतरवला नाही. कुणी बेलच्या दारात जमाव घेऊन गेलं नाही. उलट, आपल्यावरचं मूळ चित्र विकत घेऊन घरात टांगायची इथल्या राजकारण्यांना हौस असते. मामांना त्यात दिलदारी दिसते. मला थोडी चलाखीही दिसते. भिंतीवर टांगलेलं चित्र चावत नाही. १९५८ मध्ये व्हिकी या व्यंगचित्रकाराने पंतप्रधान मॅकमिलन यांची टर उडवायला त्यांना सुपरमॅनचा पोशाख चढवला, ‘सुपरमॅक’ म्हणून. लोकांना तो इतका आवडला की पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत तो मॅकमिलन यांच्याच पथ्यावर पडला. बिचारा व्हिकी!

पण इथल्या नेत्यांची कातडी जाड आणि आपल्यांची पातळ, एवढ्यावर हा वाद मिटवायला मी तयार नाही. खरा फरक दुसरीकडे आहे, आणि तो समजायला डेव्हिड लो या व्यंगचित्रकाराकडे जावं लागतं.

लो न्यूझीलंडचा. १९१९ मध्ये लंडनला आला आणि १९२७ मध्ये ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये रुजू झाला. पेपर हुजूर पक्षाच्या बाजूचा, मालक लॉर्ड बीव्हरब्रुक, आणि लो स्वतः डावीकडे झुकलेला. करार करतानाच त्याने विषय आणि मत दोन्हींचं स्वातंत्र्य मागून घेतलं. मग त्याच पेपरात त्याने हुजूर पुढाऱ्यांची चंपी केली आणि खुद्द बीव्हरब्रुकना खुजा, तोंडभर हसणारा बुटबैंगण करून टाकलं. अग्रलेख एक म्हणायचा, शेजारचं चित्र नेमकं उलटं. काही चित्रं नाकारली गेली, हेही खरं. १९३७ मध्ये लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले तेव्हा गोबेल्सने लोच्या चित्रांबद्दल तक्रार केली. हॅलिफॅक्सनी परत येऊन लोची गाठ घेतली, गोड शब्दांत सबुरीचा सल्ला दिला, आणि लोने काही काळ हिटलर-मुसोलिनी यांची भेसळ करून एक निनावी हुकूमशहा काढला. म्हणजे दडपण इथेही येतं. फक्त ते काठी घेऊन येत नाही, भेटीचं आमंत्रण घेऊन येतं. ऑस्ट्रिया गिळली गेल्यावर लो पुन्हा मूळ पदावर आला.

हा लो बाळासाहेब ठाकरे यांचा आवडता व्यंगचित्रकार. ‘फ्री प्रेस जर्नल’ या दैनिकात आर. के. लक्ष्मण यांच्यासोबत काम करून, तिथून बाहेर पडून ऑगस्ट १९६० मध्ये त्यांनी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक काढलं. प्रकाशनाला मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण आले होते, आणि पुढे त्याच ‘मार्मिक’ने काँग्रेसवाल्यांना सोललं. बाळासाहेबांची रेषा किती दमदार होती, हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. पण जून १९६६ मध्ये शिवसेना निघाली आणि व्यंगचित्रकार पक्षप्रमुख झाला. त्या क्षणी रेषेला एक दिशा कायमची बंद झाली. काँग्रेस, कम्युनिस्ट, आचार्य अत्रे, सगळे सापडले. सेना स्वतः कशी सापडणार? लोची रेषा मुंबईत पोचली, त्याचा करार लंडनमध्येच राहिला.

तेव्हापासून महाराष्ट्रात व्यंगचित्र म्हणजे एका पक्षाने दुसऱ्यावर केलेला वार, अशी सवय लागली. वार असेल तर समोरचा प्रतिवार करणारच. ‘सामना’ने २०१६ मध्ये मराठा मूक मोर्चावर चित्र छापलं, कार्यालयावर दगड पडले, आणि उद्धव यांना माफी मागावी लागली. व्यंगचित्रकाराने काढलेला पेपर व्यंगचित्रापायी अडचणीत आला, आणि चारच वर्षांनी कांदिवलीत त्याच पक्षाचे कार्यकर्ते दुसऱ्या टोकाला उभे होते. यात एकाच पक्षाला धरण्यात अर्थ नाही. असीम त्रिवेदीवर २०१२ मध्ये मुंबईत राजद्रोहाचं कलम लागलं तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी होती. त्याच वर्षी ममता बॅनर्जींवरचं चित्र ईमेलने पाठवल्याबद्दल कोलकात्यात एका प्राध्यापकाला अटक झाली. ‘विकटन’च्या वेळी केंद्रात भाजप. सगळ्यांना व्यंगचित्र आवडतं, शेजारच्याचं.

राज ठाकरे यांच्याकडे काकांचा हात आहे, हे निर्विवाद. मोदी-शहांवर त्यांनी काढलेली काही चित्रं मी इथल्या मित्रांनाही दाखवली आहेत. पण तेही पक्षप्रमुख. २०१९ ला मोदींविरुद्ध सभा, २०२४ ला मोदींना बिनशर्त पाठिंबा, जुलै २०२५ मध्ये वरळीत उद्धव यांच्यासोबत एका व्यासपीठावर. दर वळणावर चित्रातला खलनायक बदलणार, हे वाचकाला आधीच ठाऊक असतं. मग हसू येतं, पण धक्का बसत नाही.

खरं तर महाराष्ट्र आज व्यंगचित्रकाराचा स्वर्ग आहे. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. दोन नावांचे चार पक्ष झाले. इथे १९८७ च्या निवडणुकीत डेव्हिड स्टील आणि डेव्हिड ओवेन हे दोन नेते एका आघाडीत होते, आणि टीव्हीवरच्या बाहुल्यांच्या कार्यक्रमात इवलासा स्टील ओवेनच्या खिशातून डोकावायचा. मित्रपक्षांमधली खरी चढाओढ त्या एका खिशात मावली. आपल्याकडे अशा खिशांना तोटा नाही. पण माझ्या फोनवर जे येतं ते बहुतेक बिनसहीचं असतं, कुठल्या तरी पक्षाच्या आयटी सेलमधून निघालेलं, दुसऱ्याच्या फाटाफुटीवर खदाखदा हसणारं.

आणि आता मामांना न आवडणारी गोष्ट. इथेही व्यंगचित्राचा चौकोन आकसतो आहे. ज्या बेलचं मामा कौतुक करतात, त्याचं ‘गार्डियन’शी चार दशकांचं नातं २०२३ मध्ये नेतान्याहूंवरच्या एका चित्रावरून तुटलं. चित्रात यहुदीद्वेष आहे असं पेपरला वाटलं. बेल म्हणाला, मी तर अमेरिकी अध्यक्ष जॉन्सन यांच्या पोटावर व्हिएतनामच्या आकाराचा व्रण दाखवणाऱ्या जुन्या चित्राचा धागा पकडला होता. कोण बरोबर, यावर माझं घर दुभंगलेलं आहे. पण हाच बेल त्या डाव्या पेपरात मजूर पक्षाच्या टोनी ब्लेअरला थॅचरबाईंचा वेडसर डोळा चिकटवत होता. ती जागा रिकामी होणं मला जास्त लागलं.

आत्येभावाला वाटतं ही साहेबाची थेरं आहेत, आपल्या मातीत रुजत नाहीत. त्याला मी व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांची आठवण करून दिली. अबू दहाएक वर्षं लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये, मग ‘गार्डियन’मध्ये होते, १९६९ मध्ये परत जाऊन ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लागले. डिसेंबर १९७५, आणीबाणी. राष्ट्रपती आंघोळीच्या टबात बसल्या बसल्या वटहुकमावर सही करून दाराबाहेर कागद देताहेत आणि आणखी असतील तर जरा थांबायला सांगा म्हणताहेत, हे त्यांचं चित्र. ते छापलं गेलं तेव्हा अबू स्वतः राज्यसभेत राष्ट्रपतिनियुक्त खासदार होते.

आत्येभाऊ म्हणाला, असा खासदार आज कोण नेमेल? बरोबर आहे त्याचं. पण व्यंगचित्रकार नेमायला राष्ट्रपती लागत नाहीत, संपादक पुरतो. मराठीतल्या किती दैनिकांनी आज पगारी राजकीय व्यंगचित्रकार ठेवला आहे, आणि त्याने मालकाच्या आवडत्या पुढाऱ्यावर शेवटचं चित्र कधी काढलं, एवढं मामांनी बसून शोधावं. निवृत्त आहेत, वेळ आहे.