हात न लावता डॉक्टर? त्या फॉरवर्डला उत्तर

‘नाडी बघणं, स्टेथोस्कोप, पोट दाबणं हे सगळं कालबाह्य. मेडिकल कॉलेजात पोरांची वर्षं यात फुकट जातात. परदेशात हे केव्हाच बंद झालं. सिव्हिलला गेलात तर शिकाऊ पोरं तुमच्यावर हात साफ करून घेतील. थेट लॅबमध्ये जा, फुल बॉडी पॅकेज करा.’

सोलापुरातल्या ग्रुपांवर हे फिरतंय. काल मावशीनं मला पाठवलं, खाली लिहिलं, ‘पॅकेज बुक केलंय.’ ही बाई कधीची खोकतेय, आणि जन्मभर विड्या वळल्यात तिनं.

आधी त्या पॅकेजचंच बघू. कोलेस्टेरॉल, थायरॉइड, व्हिटॅमिन डी, सगळं छापून येईल. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीसाठी आधी बेडका तपासतात, सरकारी दवाखान्यात फुकट. तिच्या पॅकेजच्या यादीत तो नाहीच. आणि ‘काम काय करता?’ हे लॅबवाला विचारत नाही. वॉर्डात आम्ही शिकवणारे डॉक्टर शिकाऊ पोरांकडून पहिलं हेच घोटून घेतो. यंत्रमागावरचा माणूस छाती आवळते म्हणाला, की पुढचा प्रश्न: सुटीनंतर कामावर गेल्या दिवशी जास्त होतं का? कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिस या फुफ्फुसाच्या आजारात सुरुवातीला तसंच होतं. रक्ताच्या बाटलीत हे सापडत नाही. बरं, सोलापुरात हे कधी तेलुगूत, कधी कन्नडमध्ये विचारावं लागतं.

१९७५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी ओपीडीतल्या ८० नव्या पेशंटांचा अभ्यास छापला. त्यातल्या ६६ जणांचं निदान पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि हकीकत ऐकूनच बरोबर ठरलं होतं. अंगाला हात लावून तपासल्याचा उपयोग ७ जणांत झाला, लॅबचा आणखी ७ जणांत. अभ्यास जुना आहे, तेव्हा आजच्यासारखे स्कॅन नव्हते, कबूल. पण कुठला स्कॅन काढायचा हे तरी हकीकतीवाचून कसं ठरवणार?

‘हात साफ करून घेतात’ यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. एकाच दुखऱ्या पोटाला न विचारता आठ-दहा पोरांनी एकामागून एक दाबलेलं मी पाहिलंय. ते चूकच. पण एमबीबीएसच्या २०१९ च्या अभ्यासक्रमानं प्रत्येक कॉलेजात स्किल्स लॅब सक्तीची केली ती यासाठीच: सुई आधी रबरी हातात टोचा. पेशंटला ‘नको’ म्हणायचाही हक्क आहे, तो जरूर वापरा. आणि तुमचे आजचे पॉश हॉस्पिटलवाले डॉक्टर कुठे शिकले, असं वाटतं तुम्हाला?

राहिलं परदेश. विद्यार्थ्याला एकेका टेबलापाशी उभं करून ‘बीपी घेऊन दाखव’ म्हणणारी ऑस्की परीक्षा स्कॉटलंडमधल्या डंडीत हार्डन यांनी १९७० च्या दशकात सुरू केली. तिकडे ती अजून चालते, आणि तिकडूनच आपल्याकडे आली.