नियेन म्हणजे राक्षस नव्हे

सिंगापुरात मुलाकडे राहणाऱ्या माझ्या मावशीला एक मेसेज आला. नियेन नावाचा राक्षस म्हणे दरवर्षी माणसं खायचा. जे वाचायचे ते एकमेकांना 'गोंगशी फात्साय' म्हणायचे. त्याचा अर्थ 'नववर्षाच्या शुभेच्छा', आणि तो कुठल्याही चिनी सणाला चालतो!

हे शेवटचं वाक्य धडधडीत खोटं आहे. मावशीने ते खरं मानलं आणि छिंगमिंगच्या दिवशी लिफ्टमध्ये शेजारच्या आजींना हसून 'गोंगशी फात्साय' म्हटलं. आजींच्या हातात उदबत्त्या आणि फळं होती. नवऱ्याच्या अस्थी ठेवल्या आहेत तिथे त्या निघाल्या होत्या. एप्रिलच्या ४-५ तारखेला येणारा छिंगमिंग हा पितरांचा दिवस. थडगी झाडायची, नैवेद्य ठेवायचा. 'गोंगशी' म्हणजे अभिनंदन, 'फात्साय' म्हणजे धनलाभ होवो. सर्वपित्रीला पान वाढणाऱ्या बाईचं कोणी अभिनंदन करतं का? मुलाने अर्थ सांगितल्यावर मावशी रडली. तो मेसेज लिहिणाऱ्याचा मला अजून राग येतो.

'नववर्षाच्या शुभेच्छा' हाही अर्थ चूक. त्यासाठी 'शिन्नियेन ख्वायलअ' असं वेगळं म्हणतात. हाँगकाँगचं 'गोंग हेय फात चोय' मात्र वेगळं नाही. तीच अक्षरं, उच्चार तिथल्या कँटोनीज बोलीतला.

आता राक्षस. चिनीत 'नियेन' म्हणजे वर्ष. इ.स. १०० च्या सुमारास शू शन याने चिनी अक्षरांचा 'श्वोवन च्येत्झ' हा कोश रचला. त्यात 'नियेन' या अक्षराचा अर्थ सरळ दिलाय: धान्य पिकणं. राक्षसाचं नावही नाही. त्याच्याही हजारभर वर्षं आधी चीनमधल्या शांग घराण्याचे राजे हाडं तापवून कौल लावत. त्या हाडांवर कोरलेल्या प्रश्नांत हेच अक्षर पिकासाठी येतं: यंदा पीक येईल का? वर्षातून एकदा पीक, म्हणून पिकाचाच शब्द वर्षाला लागला. आपलं 'वर्ष' पावसावरून आलं, आपण आजही किती पावसाळे पाहिले ते मोजतो. हे मराठी माणसाला समजायला राक्षस कशाला हवा?

एवढं मान्य करतो की नववर्षाच्या पहाटे आगीत बांबू फोडून भुतंखेतं पळवायची चाल तिकडे खरंच जुनी आहे. सहाव्या शतकातल्या लिखाणात ती सापडते. पण तिथेही भुतं डोंगरातली आहेत, नियेन नावाचं कोणी नाही. आणि त्या चालीचा 'गोंगशी'शी काही संबंध नाही.

आमच्या ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे ढकलला, त्यांनी हेही तिथेच पाठवावं. आणि छिंगमिंगला कोणालाच शुभेच्छा देऊ नयेत.