ओळखलंस का? नाही!

"ओळखलंस का मला?" हा प्रश्न ज्यानं कुणी काढला असेल, त्याला मे महिन्यात भर दुपारी सोलापूरच्या सात रस्त्याच्या चौकात अनवाणी उभं करा. तासभर. टोपी न देता.

काल विजापूर रोडवर मावसभावाचा साखरपुडा होता. मी तयारी करून गेले होते. तयारी म्हणजे साडी नव्हे, ती दहा मिनिटांत होते. "कधी आलीस?"चं उत्तर, "बारीक झालीस की!"चं उत्तर, "तिथंच आहेस का अजून कामाला?"चं उत्तर, कुठं किती हसायचं, हे सगळं रिक्षात दोनदा म्हणून झालेलं. आणि कार्यालयाच्या दारातच, चपला काढायच्या आत, मोरपंखी इरकलीतल्या एका बाईंनी माझं मनगट धरलं. "ओळखलंस का मला?"

हात सोडेनात. त्यांच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतताहेत, स्पीकरवर सनई, सनईवर कुणाचं तरी "हॅलो, हॅलो, माईक चेक", डोक्यावर एक ट्यूब फडफडतेय. या प्रश्नासाठी माझं ठेवणीतलं वाक्य आहे, "अय्या, तुम्हाला कशी विसरेन!" एरवी तेवढ्यावर सुटका होते. काल नाही झाली. "मग सांग बघू, कोण मी?" तोंडी परीक्षा! चार बायका सुपरवायझर. मी त्यांच्या भुवयांच्या मधोमध बघत उभी, चेहऱ्यावर हसू नंबर दोन, डोक्यात नुसता बांगड्यांचा आवाज. शेवटी खरं बोलले. "नाही ओळखलं."

झालं. "बघा, शिकलेल्या पोरी! मांडीवर खेळवलंय हिला." अहो, कुठं? कुणाच्या घरी? मी तेव्हा केवढी होते? काहीतरी खूण द्या ना! नाही. हात सोडला तोही झटकून.

आणि हे एकच आहे का! फोनवरचं "आणखी काय?" त्याला उत्तर द्यायचं नसतं हे कळायला मला तीस वर्षं लागली. तोवर मी प्रामाणिकपणे आणखी काय ते सांगत होते. "या की घरी" म्हणाले म्हणून एकदा खरंच गेले, रविवारी सकाळी, शेंगाचटणीचा पुडा घेऊन. दार उघडणाऱ्याचा चेहरा मलासुद्धा वाचता आला, यावरून काय ते समजा. आणि "निघते" म्हटल्यावर निघायचं असतं ना? आपल्याकडे "निघते" म्हणजे मध्यंतर. खऱ्या गप्पा नंतर, जिन्यात, एका पायात चप्पल घालून.

अख्ख्या सोलापुरात मला एकच प्रश्न आवडतो. "पाणी आलं का?" आलं, नाहीतर नाही आलं. विषय संपला. चार-पाच दिवसांतून एकदा का होईना, मी कॉलनीत हुशार ठरते.

पंगतीत शेजारी काका. तेहतिसाव्या वर्षी पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला खेपा घातल्या, ऑटिझमचं निदान आणलं, तर म्हणतात, "असलं काही नसतं बघ. तू तर चांगली बोलतेस की!" चांगली बोलते! त्या चांगल्या बोलण्यानंतर दीड दिवस मी दिवे बंद करून पडलेली असते, ताटली वाजली तरी रडू येतं, ते बघायला हे येतात का? आपल्याकडे तपासणीला जो 40 मुद्द्यांचा तक्ता वापरतात, त्यात पहिलाच मुद्दा नजरेला नजर देत नाही हा. आणि मी तिसरीपासून डोळ्यांऐवजी भुवयांकडे बघायचा सराव केलेला. म्हणजे अभ्यास केला म्हणून मार्क गेले! मास्किंग, म्हणजे ऑटिझम झाकून चारचौघांसारखं वागणं, ते मोजायची 25 प्रश्नांची प्रश्नावली 2018 साली निघाली, तिच्यात मात्र मी बोर्डात आले असते.

राग आला म्हणून काकांना ऐकवलं की 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 अपंगत्वांमध्ये ऑटिझम आहे. मी पहिल्यापासून मोजायला लागले. सातव्याला काका म्हणाले, "जिलेबी घे."

बरं, लोक मुद्द्याचं बोलत नाहीत म्हणून मी ही अशी चिडलेली, आणि हात धुवायला गेले तर तिथं नवऱ्या मुलीचे मामा भेटले. अक्कलकोट रोडला त्यांचे टॉवेलचे लूम आहेत. मग काय! टॉवेलला दोन बीम असतात, म्हणजे उभ्या धाग्यांचे रूळ, एक साधा ताण्याचा, एक लूपचा, लूपचा सैल सोडतात, तिसरा बाणा, म्हणजे आडवा धागा, गेला की फणी पूर्ण ठोकते आणि लूप उभा राहतो. हे मी कुणाला सांगत होते? ज्याचा कारखाना आहे त्याला. पंचवीस मिनिटं. ओल्या हातानं. त्यांनी तीनदा घड्याळ बघितलं. मी मोजलं. थांबले मात्र नाही.

रात्री आईला फोन केला, त्या इरकलीवाल्या कोण गं?

"कुणास ठाऊक! मला पण विचारलं त्यांनी. मी म्हटलं, अय्या, तुम्हाला कशी विसरेन! तुझी आठवण काढत होत्या. म्हणाल्या, लेकीला घेऊन ये की घरी, सवडीनं."

आता हे "ये की" कुठलं? आणि जायचं तरी कुणाच्या घरी?