त्या वर्षीची पहिल्या क्रमांकाची कुस्ती

काल रात्री आमच्या गावच्या तालमीतील बैठक आटोपून घरी आलो आणि डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून पहाटेच हे लिहायला बसलो आहे. तालमीची नवी इमारत पूर्ण झाली असून दर्शनी भिंतीवर गावाचे नाव राखणाऱ्या मल्लांचा मानाचा फलक बसवायचा आहे. माझ्या चुलत भावाचे, म्हणजे दादाचे, नाव मी सुचवले, तेव्हा एका जबाबदार व्यक्तीने अगदी शांतपणे विचारले, "पण त्याने जिंकले काय? जवानांसाठी वेशीजवळ स्मारक बांधले आहे की." बाकीच्यांनी माना डोलावल्या, आणि मला त्या मानांचाच अधिक राग आला.

दादा मराठा लाइट इन्फंट्रीत होता. 1999 च्या मे महिन्यात तो रजा काढून आला होता तो केवळ यात्रेतल्या कुस्तीसाठी. पहिल्या क्रमांकाची जोड त्याच्या नावाने ठरली होती आणि हस्तपत्रके खानापूर-चंदगडपर्यंत पोहोचली होती. यात्रेला दोन दिवस उरले असताना रजा रद्द झाल्याची तार आली. ती त्याने हौदाच्या काठावर, अंगाला तांबडी माती लागलेली असताना वाचली, वस्तादांच्या पाया पडला, अंघोळ केली आणि संध्याकाळच्या गाडीने बेळगावहून निघून गेला. कुस्ती दुसऱ्या जोडीत झाली. आता फलकावर 1999 या वर्षापुढे त्या कुस्तीतल्या विजेत्याचे नाव कोरले जाईल. दादा आषाढात आला, तो तिरंग्यातून आला.

हा प्रश्न आपल्या गावापुरता नाही. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या ॲरिझोना कार्डिनल्स संघाचा खेळाडू पॅट टिलमन 36 लाख डॉलरचा करार नाकारून 2002 मध्ये सैन्यात भरती झाला आणि 22 एप्रिल 2004 रोजी अफगाणिस्तानात आपल्याच सैनिकांच्या गोळ्यांनी मारला गेला. हे सत्य त्याच्या घरच्यांपासून कित्येक आठवडे दडवून ठेवले गेले. महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे नामवंत खेळाडूंच्या मानाच्या यादीत, त्याला 2010 मध्ये स्थान मिळाले, कारण तिथे त्याचा खेळ तेवढ्या तोलाचा होताच; कँटन येथील व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये मात्र तो नाही. तो व्यावसायिक फुटबॉल चारच हंगाम खेळला, आणि चार हंगाम थोडे आहेत, हे मला कबूल करावे लागते. परंतु उरलेले हंगाम गेले कुठे, हे विचारायचेच नाही काय? दुखापतीने गेले, आळसाने गेले की त्याने ते स्वतः उचलून देशाच्या पदरात टाकले, यात काहीच फरक नसेल तर मग खेळातल्या माणसाची पारख आपण कशावरून करतो?

आणि खेळ वेगळा, पलटण वेगळी, ही भाषा निदान बेळगावात तरी कोणी बोलू नये. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघाचे गोलरक्षक शंकर लक्ष्मण याच मराठा लाइट इन्फंट्रीचे होते आणि त्याच संघात बेळगावचे बंडू पाटील होते. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यातले मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले, पोहायला शिकले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक घेऊन आले. त्यांना पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. पदक जिंकून आलेल्यालाही आपण 46 वर्षे थांबवतो, तर पदकाच्या आधीच गेलेल्याची दाद कोणाकडे मागायची?

नुसत्या हौतात्म्याने कोणी मल्ल होत नाही, हेही खरे आहे, आणि ज्याने कधी लांग चढवली नाही त्याचे नाव या फलकावर मीही लिहू देणार नाही. दादा मात्र मल्लच होता. त्याचा घिस्सा डाव पाहायला पंचक्रोशीतून माणसे येत, हे काल मान डोलावणाऱ्यांपैकी निम्म्यांनी स्वतः पाहिले आहे. स्मारकावर तो जवान म्हणून आहे आणि तिथे त्याला फुले वाहिली जातात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या स्मारकावर त्याची कुस्ती मात्र कुठेच लिहिलेली नाही.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. ज्यांचे नाव 1999 पुढे येणार आहे, ते आजही भेटले की सांगतात, "ती कुस्ती तुझ्या दादाची होती, मी नुसता उभा राहिलो." त्यांचे नाव काढावे असे मी म्हणत नाही, मनातही आणत नाही. त्याच ओळीखाली एवढेच लिहावे की जोड दादाच्या नावाने ठरली होती आणि तो सीमेवर गेला.

परवा पुन्हा बैठक आहे. काकूंनी ते हस्तपत्रक ट्रंकेत, त्याच्या गणवेशाखाली जपून ठेवले आहे. कागद पिवळा पडला आहे, पण सर्वांत वरच्या ओळीतले नाव अजून स्वच्छ वाचता येते. ते मी सोबत नेणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी सात वाजेपर्यंत तालमीत यावे.