रक्तपिपासू, त्याची आई आणि माझी आत्या

सिनेमाचा दुसरा भाग पहिला भाग न पाहिलेल्या माणसाबरोबर बघू नये. तो माणूस आत्या असेल तर मुळीच बघू नये. पण घरात टीव्ही एक, सोफा एक, आणि आत्याला रात्री साडेदहानंतर झोप येत नाही.

मी लावला होता 'ब्लडस्टोन : सबस्पीशीज २'. १९९३ सालचा, थिएटरच्या वाटेला न जाता थेट कॅसेटवर आलेला व्हॅम्पायरपट. रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याची राजवट कोसळल्यावर दोनेक वर्षांत निर्माते चार्ल्स बँड यांच्या 'फुल मून' कंपनीने तो देश गाठला. तिथे खरीखुरी भग्न तटबंदी, खऱ्या जुन्या गल्ल्या आणि खरं धुकं, सगळं स्वस्तात. दिग्दर्शक टेड निकोलाऊ यांनी दुसरा आणि तिसरा भाग एका दमात चित्रित करून टाकला. एकदा मांडव घातलाच आहे तर मुंजीबरोबर लग्नही उरकून घ्यावं, तसं.

हे सगळं मी आत्याला सांगू लागलो, तेवढ्यात पडद्यावर एक तुटलेलं मुंडकं दिसलं.

"हे कोणाचं?"

"राडूचं, म्हणजे यातल्या दुष्ट व्हॅम्पायरचं. पहिल्या भागात भावाने उडवलं होतं."

"इस्टेटीवरून?"

नाही म्हणणार होतो, पण भांडण खरंच वडिलार्जित वस्तूवरूनच होतं. ब्लडस्टोन नावाचं एक रत्न. त्यातून संतांचं रक्त ठिबकतं आणि ते चाटलं की व्हॅम्पायरला शिकारीची गरज पडत नाही. आत्याने शांतपणे विचारलं, "घरात नळ असताना हा दारोदार का हिंडतो?" तीस वर्षांत हा प्रश्न पटकथालेखकाला कोणी विचारला असेल असं वाटत नाही.

मग राडूच्या बोटांपासून जन्मलेली चिमुकली लाल भुतं आली, त्यांनी मुंडकं धडापाशी ढकललं, मानेच्या शिरा वळवळत जुळल्या आणि राडू उठून बसला. हे दृश्य फर्मास आहे. मात्र ज्या भुतांवरून अख्ख्या मालिकेचं नाव पडलं ती एवढं काम करून जी गेली ती गेलीच. "कामवाल्या बायकांना काढून टाकलं वाटतं," आत्या म्हणाली. बजेट संपलं असणार, हे सांगायची गरजच उरली नाही.

राडूने भावाला झोपेतच संपवलं आणि भावाची प्रेयसी मिशेल रत्न घेऊन बुखारेस्टला पळाली. इथे मला खुलासा करावा लागला की पहिल्या भागात मिशेलचं काम दुसऱ्याच नटीने केलं होतं. आता डेनिस डफ आहे. आत्याला त्याचं काहीच वाटलं नाही. ती बघते त्या मालिकांत एका रात्रीत सासरा बदलतो. मिशेलची बहीण तिला शोधत येते. ती नटी 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कची, म्हणजे विल्यम शॅटनरची मुलगी, ही माहिती मी मोठ्या अभिमानाने दिली. आत्याने "बरं" म्हटलं.

मधला भाग रेंगाळतो. बहीण पोलिसांना सांगते, पोलीस ऐकत नाहीत, एक म्हातारा प्रोफेसर ऐकतो पण त्याचं कोणी ऐकत नाही. शिवाय सगळं अंधारात. आत्याला अंधारात टीव्ही बघितला की डोळे चुरचुरतात, त्यामुळे ट्यूब चालू. परिणामी बराच वेळ पडद्यावर आम्ही दोघंच दिसत होतो, आणि मागे आमचं कॅलेंडर.

पण राडूची सावली ट्यूबलाही पुरून उरली. दिग्दर्शक मुर्नाऊ यांनी १९२२ सालच्या 'नोस्फेरातू' या व्हॅम्पायरच्या मूकपटात जिना चढणारी लांब बोटांची सावली दाखवली होती. तीच युक्ती निकोलाऊ सबंध शहरभर खेळवतात. राडू येत नाही, त्याची सावली भिंतींवरून सरपटत येते. खर्च एक दिवा आणि एक भिंत. मी गुपचूप पाय सोफ्यावर घेतले. आत्या म्हणाली, "नखं कापायला काय होतं याला?"

अँडर्स होव्ह हा डॅनिश नट राडू झालाय. तोंडातून रक्तमिश्रित लाळ, घोगरा आवाज, आणि त्या सगळ्याच्या तळाशी मिशेलवरचं रडवेलं प्रेम. तो एवढं मन लावून काम करतो की आजूबाजूची मंडळी रंगीत तालमीला आल्यासारखी वाटतात.

आणि मग त्याची आई आली. वाळून कोळ झालेली, थडग्यात राहणारी, नाव 'ममी'. मुलाला म्हणते, रत्न परत आण आणि त्या पोरीला मारून टाक. मुलगा दोन्ही ऐकेना. त्याला पोरगीच हवी. आत्या ताठ बसली. मोबाइल उपडा ठेवला. इतका वेळ मी ज्याला भयपट समजत होतो तो काय आहे हे तिला माझ्याआधी कळलं. खरंच, या सिनेमाचा जीव तिथेच आहे. सुळे सगळ्यांकडेच असतात. मुलाच्या पसंतीवरून थडग्यात कुढणारी आई फारच थोड्यांकडे.

"तिचंही बरोबर आहे," आत्या म्हणाली. "घरातलं रत्न घेऊन पळालेली मुलगी कोण करेल?"

शेवटी राडूचा निकाल लागतो, बहिणी सुटणार असं वाटतं, आणि ममी येऊन मिशेलला थेट जमिनीखाली ओढून नेते. लगेच नामावली. पुढचं बघायचं तर तिसरी कॅसेट घ्या! मी वैतागून रिमोट आपटला.

आत्या मात्र प्रसन्न होती. "एवढा विरोध केला, पण सून शेवटी स्वतःच घरात घेतली की नाही?"