वेग, वाचनीयता आणि स्पिनलॉक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) वेगापुढे काहीच महत्त्वाचं नाही, सुवाच्य कोड हा वर्गात शिकवायचा विषय आहे आणि ‘सरळ लॉक घ्या’ (म्हणजे सामायिक माहितीला एका वेळी एकालाच हात लावू द्या) असं सांगून मी नवशिक्यांची दिशाभूल केली, असं तुमचं म्हणणं.

शेवटचा आरोप मान्य. जी माहिती सतत वाचली जाते आणि क्वचितच बदलते, तिथे लॉक महाग पडतं. वाचणाऱ्यांना एकत्र आत सोडणाऱ्या रीडर-रायटर लॉकनेही सुटका होत नाही, कारण नुसतं वाचायला आलेला प्रोसेसरचा कोअरसुद्धा लॉकमधला आकडा बदलतो आणि तो आकडा असलेली कॅश लाइन (जलद मेमरीचा छोटा तुकडा) एका कोअरकडून दुसऱ्याकडे हेलपाटे घालत राहते. म्हणूनच लिनक्स २.६.३८ मध्ये (२०११) फाइलचा पाथ शोधताना आरसीयूच्या (वाचणाऱ्यांना लॉकविना वाचू देणाऱ्या पद्धतीच्या) आधाराने, वाटेतल्या डिरेक्टरींची लॉक न घेता जायची सोय आली. तो कोड अवघड आहे आणि तिथे ते रास्तच आहे. हे मी लिहायला हवं होतं.

कर्नलमध्येही कोड सुवाच्य हवा, या बाकी मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. स्पिनलॉकचंच बघा, म्हणजे मिळेपर्यंत कोअर पुन्हा पुन्हा तपासत थांबतो ते लॉक. २००८ साली २.६.२५ मध्ये एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) तिकीट लॉक आलं: ज्याचा नंबर त्याची पाळी. पण वाट बघणारे सगळे एकाच जागेकडे डोळे लावून बसत, त्यामुळे कोअर वाढले तशी तिथे झुंबड उडू लागली. २०१५ मध्ये ४.२ सोबत क्यूस्पिनलॉक आलं. त्यात रांगेत मागे असलेला प्रत्येक जण आपापल्या नोडवर (मेमरीतल्या स्वतःच्या जागेवर) थांबतो. एवढं सगळं आतून बदललं, पण ड्रायव्हर लिहिणारा आधीही ‘स्पिन_लॉक’ लिहीत होता, आजही तेच लिहितो. सगळी गुंतागुंत मुख्यतः एका फाइलीत कोंडली आहे आणि लॉकच्या अवस्था तिथल्या कमेंटमध्ये आकृती काढून समजावल्या आहेत. वेग आणि वाचनीयता एकाच हातांनी सांभाळलेली तिथे दिसते.

आता तुम्ही पाठवलेला ‘लॉकविना’ नमुना. लिहिणाऱ्या बाजूला मेमरी बॅरियर (वाचन-लेखनाचा क्रम बदलू न देणारी सूचना) आहे, वाचणाऱ्या बाजूला नाही. एक्स८६ वर हे बहुधा खपून जाईल, कारण तो प्रोसेसर वाचनांचा क्रम पाळतो. आर्म प्रोसेसरवर मात्र फ्लॅग (डेटा तयार असल्याची खूण) नवा आणि डेटा जुना दिसू शकतो. ‘याची जोडी अमुक फंक्शनमधल्या बॅरियरशी’ एवढी एक कमेंट लिहायला बसला असतात, तर ती जोडीच नाही हे तुमच्याच लक्षात आलं असतं. लिनक्सचं चेकपॅच (कोड तपासणारी स्क्रिप्ट) कमेंट नसलेल्या बॅरियरवर इशारा देतं, ते याचसाठी.

लिहिताना ‘एसएमपी_स्टोअर_रिलीज’ आणि वाचताना ‘एसएमपी_लोड_ॲक्वायर’ वापरून बघा. नावावरूनच जोडी कळते आणि एक्स८६ वर त्यासाठी वेगळी बॅरियर सूचनाही लागत नाही.