धक्का रिकामा कसा दाखवावा

मुंबईत कुलाब्याच्या ससून डॉक या मासळीच्या धक्क्याच्या जागी सागरी संशोधन संकुल उभारायचं स्वप्न तुम्हाला पडलं असेल, तर आधी अभिनंदन. स्वप्नाला परवाना लागत नाही, तो ट्रॉलरला लागतो.

सुरुवात पाहणीपासून करा. वेळ चुकली की सगळं मुसळ केरात! पहाटे तर चुकूनही जाऊ नका. तेव्हा लिलावाची आरडाओरड असते, बर्फ फुटत असतो, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया ‘बाजूऽऽ’ म्हणत अंगावर येतात. सल्लागाराच्या शर्टावर मांदेलीचं पाणी गळलं की त्याला धक्का चालू आहे असं वाटू लागतं. त्यापेक्षा 1 जून ते 31 जुलै हा काळ पकडा. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना तेव्हा मासेमारी बंद असते. त्यातही भर दुपारी जा, ड्रोन उडवा, नांगरलेल्या बोटींचे फोटो काढा आणि खाली लिहा : ‘क्षमतेच्या मानाने वापर अत्यल्प.’ बंदी माशांच्या विणीसाठी असते, हे मात्र लिहू नका. सागरी संवर्धन म्हणतात ते हेच का, असं एखादा विचारेल.

इतिहासाचं एक पान हवंच. ससून घराण्याने ही गोदी 1875 साली बांधली. म्हणजे कोळी इथले मूळचे नाहीतच, असा मुद्दा सहज निघतो. गोदीच्या आधी मुंबईत कोण होतं, हा प्रश्न परिशिष्टात ढकला. परिशिष्ट कोणी वाचत नाही. (मी वाचतो, पण मला विचारतं कोण?)

वेसाव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था 1961 पासून आहे, अशी आठवण कोणी करून देईल. द्या टाळी. ती चालू आहे, म्हणूनच तिथे फीत कापायची सोय नाही, हे त्याला समजावून सांगा.

कोलंबी सोलणाऱ्या बायांचं काय? त्यांना भिंतीवरच्या चित्रात घ्या. 2017 साली याच डॉकमध्ये कला महोत्सव भरला होता, तेव्हा वासाकडे नाक मुरडणारी मंडळीही रांग लावून आली होती. भिंतीवरची कोळीण मजुरी मागत नाही, शेड मागत नाही, तिला स्वच्छतागृह लागत नाही. पापलेट 2023 पासून राज्य मासा आहे, तेव्हा फाटकावर त्याचा पितळी पुतळा बसवा. कँटीनमध्ये पापलेट कुठून आणायचा, ते कंत्राटदार बघेल.

राहता राहिलं उद्घाटन. मुहूर्त पुनवेचा, साडेअकराचा, मंडप पाण्यालगत, आणि मंत्रिमहोदयांच्या हस्ते भरती मोजणारं नवं यंत्र. अपोलो बंदरावरच्या भरती-ओहोटीच्या नोंदी 1878 पासूनच्या आहेत, हे भाषणात घाला, भारदस्त वाटतं. फक्त होडी हाकणाऱ्या कुणा म्हाताऱ्या तांडेलाला आत सोडू नका. तो यंत्राकडे बघणारसुद्धा नाही. भरतीची वेळ काढायला बोटांवर तिथीची पाऊणपट करील, पुनवेच्या पंधराची सव्वाअकरा, आणि भर सभेत ओरडेल, "साहेब, पाणी चढतंय, खुर्च्या मागे घ्या!"